डावा लागला काय?

सकाळी सात ते आठ या वेळात आमच्या गल्लीतून सभ्य माणसाने जाऊ नये, असा सिंदी गावात अलिखित नियम होता. जायचेच झाले तर चाफलेंच्या फाटकासमोरून मान खाली घालून, झपझप. एवढे करूनही जीपमधून हाक यायची ती यायचीच.

"ओ भौ! एक मिंट! मांगं उभे राहा अन् सांगा, डावा लागला काय?"

मांगं म्हणजे त्यांच्या ट्रेलरच्या मागे. डावा म्हणजे ट्रेलरचा डावा दिवा. चाफले स्वतः जीपच्या सीटवर बसून इंडिकेटरची दांडी खाली-वर करणार, ब्रेकवर पाय दाबणार, आणि रस्त्याने चाललेल्या कुणाही परक्या माणसाने मागे उभे राहून ओरडून सांगायचे की दिवा लागला की नाही. दूधवाला, पोस्टमन, गॅसचे सिलिंडर आणणारा, सगळ्यांनी ही सेवा केली आहे. एकदा मुलगी पाहायला आलेले पाहुणे पत्ता विचारायला थांबले, तर या गृहस्थांनी त्यांना ट्रेलरमागे ओळीने उभे केले. नवरा मुलगा उजव्या दिव्यावर, त्याचा मामा डाव्यावर. त्यांना मुलगी पसंत पडली, पण गल्ली पडली नाही, असे नंतर कळले.

मी पडलो शेजारी. मधे छातीएवढी भिंत. म्हणजे बाकीच्यांच्या नशिबी जे महिन्यातून एकदा यायचे, ते माझ्या नशिबी रोज. मी सेलूला एका कचेरीत बाबू आहे. साडेनऊची बस पकडायची असते. दाढीचा साबण गालावर असताना मी त्या ट्रेलरमागे किती वेळा उभा राहिलो आहे, याची आठवण झाली की आजही गाल खाजतो.

एकदा मी वैतागून म्हणालो, "चाफलेभौ, पेडलवर एक वीट ठेवा आणि स्वतः मागे येऊन बघा. सारं जग तेच करतं."

त्यांनी माझ्याकडे अशा काही दयेने पाहिले, की मला माझ्या शिक्षणाची शरम वाटावी.

"इटेले काय समजते बाबू? दाब किती द्याचा, सोडाचा कवा, हे पायाले समजते. अन् डोये पायजेत मांगं. हे एका मानसाचं कामच नोहे."

बरे, हे कष्ट करून आम्ही दिलेल्या साक्षीवर तरी त्यांचा विश्वास असावा? तोही नाही. मी "लागला" म्हणालो, पोस्टमन "लागला" म्हणाला, तरी शेवटी ते घराकडे तोंड करून ओरडायचे, "अवं इंदू!" मग इंदूवहिनी पिठाच्या हातांनी बाहेर यायच्या, ट्रेलरकडे एक नजर टाकायच्या आणि स्टेशनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायच्या. "लागला! उतरा आता खाली!" किंवा, "नाई लागला! अन् हे लागला म्हनून राह्यले, यायचे डोये हायेत का बटना?" हे दुसरे माझ्याबद्दल असायचे.

चाफले वीज मंडळात लाइनमन होते. आयुष्य खांबावर गेले. निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या दोन एकरांत नवरा-बायकोने वांगी, टमाटर, पालक लावायला सुरुवात केली. पण खांबावरचा माणूस खांबावरून मनाने कधी उतरला नाही. गाडीच्या बॅटरीविषयी ते बोलायचे तेव्हा ओठ असे मुडपायचे, जणू कुणाच्या तरी नापास मुलाचा विषय निघाला आहे.

"बारा होल्ट! बारा होल्टनं मुंगी मरत नाई!"

आणि मुंगी न मारणाऱ्या या बारा व्होल्टनी त्यांना कित्येक वर्षे रडवले. पण ते कबूल करतील तर ते चाफले कसले.

तो ट्रेलर त्यांनी नागपूरच्या भंगारातून आणला होता. मुळात कुठल्यातरी मोठ्या जनरेटरखालचा सांगाडा. दोन चाके, वर पत्र्याचा हौदा, आणि अंगभर वायरी. साधी ट्रॉली घेतली असती तर वांगी बाजारात पोचली नसती असे नाही. पण याला इलेक्ट्रिक ब्रेक होते. जीपचे पेडल दाबले की वायरीतून करंट मागे जातो, ट्रेलरच्या चाकात बसवलेला लोहचुंबक ड्रमला चिकटतो आणि चाक आवळले जाते. निदान जावे अशी अपेक्षा असते.

"अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा दाखवून द्या!" ते म्हणायचे. दुसरा कुणाकडे नव्हता हे खरे. बाकीचे लोक शहाणे होते हेही खरे.

चुंबकाला करंट पोचतो की नाही हे पाहायला होकायंत्र लागते, हा शोध त्यांना कुठून लागला कोण जाणे. माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते. तिच्याकडून त्यांनी शाळेचे होकायंत्र एका दिवसासाठी म्हणून मागून घेतले. ड्रमला टेकवले, पेडल दाबायला मला बसवले, आणि सुई फिरली तसे ते अंगणात नाचले. मग ते होकायंत्र घेऊन गल्लीत घरोघर गेले. होकायंत्र परत काही आले नाही. सुनंदाला मुख्याध्यापकांना लेखी खुलासा द्यावा लागला, आणि 'शेजाऱ्यांच्या ट्रेलरचा ब्रेक तपासण्यासाठी' हे वाक्य तिने तीनदा लिहून तीनदा खोडले.

त्यांचे एक आवडते वाक्य होते. वायरीत डोके घालून बसलेले असताना ते मान वर करून म्हणायचे, "फाल्ट कधी झूठ बोलत नाई बाबू. मानूस बोलते." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवले की माझ्या कचेरीत मी ते स्वतःचे म्हणून वापरू लागलो होतो.

त्या ब्रेकचे सत्य एकदा मी याचि देही पाहिले आहे. माझी बस चुकली होती आणि सेलूचा बाजार होता. चाफले, इंदूवहिनी आणि मागे ट्रेलरभर टमाटर निघाले होते. मी जीपमध्ये मागे बसलो. सेलूपर्यंत सगळे ठीक. बाजाराकडे डावीकडे वळायचे म्हणून चाफलेंनी डावा इंडिकेटर दिला, आणि जीपला उचकी लागली. दिवा लुकलुकला की ब्रेक लागे, विझला की सुटे. टिक, धक्का. टिक, धक्का. आणि दर धक्क्याला एक-दोन टमाटर हौद्यावरून उडी मारून रस्त्यावर.

"अहो, इंडिकेटर बंद करा!" मी ओरडलो.

"वळतानी बंद करनं कायद्यात बसत नाई!" चाफले म्हणाले, आणि चौकाचे ते पूर्ण वळण त्यांनी कायद्यात राहून घेतले.

इंदूवहिनी चालत्या जीपमधून उतरल्या. तिला चालती म्हणायचे की थांबती हा प्रश्नच होता. पदराची ओटी करून त्या मागून टमाटर वेचत येऊ लागल्या. तोंड चालूच. "पेरा! साऱ्या सेलूत पेरा! अन् पावसाळ्यात तोडाले या!" सगळा बाजार हसत होता. चाफले मात्र शांत. ब्रेकची वायर आणि डाव्या इंडिकेटरची वायर त्यांनी स्वतःच एकाच चिकटपट्टीत गुंडाळली होती, आतून दोन्हींची सालपटे निघालेली. ते पाहून ते समाधानाने म्हणाले, "पाहा. फाल्टनं सांगतलंच."

त्या दिवशी इंदूवहिनींनी तासाभरात सगळा माल विकला. त्यांच्या आवाजापुढे गिऱ्हाईक घासाघीस करत नसे.

तो आवाज गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेला. सकाळी पालकाच्या जुड्या बांधताना त्या एका अंगावर कलल्या. सावंगीला दवाखान्यात तीन आठवडे होत्या. परत आल्या तेव्हा काठी टेकत चालत होत्या, उजवा हात जरा मंद, पण चालता हात. समजत सगळे होते. फक्त शब्द येत नव्हता. बोलायला जात, ओठ हलत, आणि मग त्या स्वतःच दचकून गप्प होत. दवाखान्यातल्या बाईंनी चित्रांची कार्डे दिली होती आणि बजावून सांगितले होते, की रोज बोलते करा, सुरुवातीचे महिने वाया घालवू नका, पुढे अवघड जाईल.

इंदूवहिनी पुन्हा बोलतील की नाही, एवढाच प्रश्न होता. त्या घरापुढे दुसरा कोणताच प्रश्न नव्हता. सुनंदा रोज संध्याकाळी ती कार्डे घेऊन बसू लागली. आंबा. गाय. कप. "इंदूताई, हे काय आहे? आं... आंबा." इंदूवहिनी त्या आंब्याकडे पाहायच्या, मग सुनंदाकडे, आणि तोंड भिंतीकडे फिरवायच्या. सुनंदा घरी येऊन रडायची.

आणि चाफले? चौथ्या दिवशी चाफले जीपमध्ये जाऊन बसले.

मला सांगा, अशा माणसाला काय म्हणावे? बायकोची वाचा गेली आहे, महिने सरकत आहेत, आणि याचा जीव अडकला आहे दिव्यात. सुनंदा कार्डे घेऊन गेली की हा माणूस म्हणायचा, "राहू द्या मॅडम, मले ट्रेलर पाहाचा हाय." बरे, तो ट्रेलर आता कुठे जातही नव्हता. माल शेतावरूनच व्यापारी उचलायचा. जागेवरून न हलणाऱ्या ट्रेलरच्या वायरी रोज तुटतात कशा, हे कोडे मी माझ्यापुरते सोडवून टाकले होते. दुरुस्त करणारा चाफले असेल तर काहीही तुटू शकते.

मग एक दिवस त्यांनी कहर केला. ट्रेलरच्या मागे प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि त्या आजारी बाईला तिथे आणून बसवले. स्वतः जीपमध्ये. इंजिन चालू, धडधड आवाज, धूर. त्या आवाजावर हा माणूस ओरडतोय, "डावा लागला काय? अवं सांग ना! आयकू नाई आलं! जोरानं सांग!" भिंतीवरून मला वहिनींचे डोके तेवढे दिसत होते. रोज सकाळी तास-तासभर. रस्त्यावरच्या लोकांना हाका मारणे त्यांनी बंद केले होते. गल्ली म्हणाली, सुटलो. ज्या बाईला बोलता येत नाही तिच्यावर ती पाळी आली आहे, हे कुणाला दिसले नाही.

मी जाऊन तोंडावर सुनावले. "चाफलेभौ, लाज वाटत नाही? त्यांना बोलता येत नाही हे ठाऊक असून त्यांच्यावर ओरडता?"

"फाल्ट सापडाचा हाय बाबू," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तुमी मंधात नोका पडू."

एका रविवारी ते औषधे आणायला बसने वर्ध्याला गेले. सुनंदा वहिनींजवळ बसली होती. मी पाना आणि पक्कड खिशात घातली आणि भिंत ओलांडली. या वयात भिंत ओलांडताना पाटलोण फाटली, तोही हिशेब मी मनात चाफलेंच्याच नावावर टाकला. एवढी वर्षे त्या ट्रेलरमागे उभे राहून मलाही चार गोष्टी कळत होत्या.

काय गबाळेपणा होता म्हणून सांगू! डावा बल्ब होल्डरमधून अर्धा बाहेर ओढलेला. अर्थिंगच्या वायरीचा नट बोटाने फिरेल इतका सैल. जीपची वायर ट्रेलरला जोडतात त्या सॉकेटच्या एका पिनेवर कागदाची घडी अडकलेली. वाऱ्याने उडून आली असेल, असे मला वाटले. घडी चार पदरी होती, नीट दाबून बसवलेली होती, तरी मला तसे वाटले. मी नट आवळला, खालचा रंग खरवडून लोखंड उघडे केले, बल्ब बसवला, कागद काढून फेकला. जीपच्या खणात शाळेचे होकायंत्र सापडले. पेडलवर वीट ठेवून ते ड्रमला लावून पाहिले, तर सुई फिरली. जे चाफलेंना वर्षानुवर्षे जमले नाही, ते मी एका तासात केले. होकायंत्र घेऊन मी घरी आलो.

सोमवारी सात वाजता माझे कौतुक ऐकायला मी मुद्दाम ट्रेलरमागे, वहिनींच्या खुर्चीजवळ जाऊन उभा राहिलो. इंजिन धडधडत होते.

"डावा लागला काय?"

दिवा लख्ख लागला होता. आणि माझ्या कोपराशी, इंजिनाच्या आवाजाखाली, कोणीतरी बोलले. "ला... गला."

मी खाली पाहिले. इंदूवहिनींच्या गळ्याची शीर ताठ झाली होती. त्या ट्रेलरकडे टक लावून पाहत होत्या.

"उजवा?"

"लागला."

"ब्रेक?"

"लागला."

ही बाई बोलत होती. भिंतीपलीकडे मला आजवर फक्त चाफलेंचे ओरडणे ऐकू येत होते. त्यांनी पुन्हा सगळे दिवे लावले, पुन्हा तेच उत्तर आले. तिसऱ्या वेळी वहिनींनी नुसती मान हलवली. चौथ्या वेळी त्या ट्रेलरकडे न बघता पपईच्या झाडावरचा कावळा पाहू लागल्या. सगळेच लागते आहे, तर सांगायचे काय?

चाफले खाली उतरले. वाकून त्यांनी सॉकेट पाहिले, मग चकचकीत नट पाहिला, मग माझ्याकडे.

"कोनं केलं हे?"

"मी," मी म्हणालो. पण तोवर आवाजातला तोरा गेला होता.

त्यांनी मला दंडाला धरून पपईखाली नेले. "बाबू, शनवारी इंदू म्हने 'डावा नाई लागला.' मंग म्हने 'अर्धा लागला.' अर्धा! म्या इचारलंबी नव्हतं. अन् तुमी येका घंट्यात सारं साफ केलं."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"मंग? ट्रेलर काय उभ्या उभ्या बिघडते?"

मी विचारले, मग कार्डांनी काय घोडे मारले होते?

"कार्डावर आंबा असते. थो मॅडमले दिसते का नाई? दिसते. मंग हिले काऊन इचारता? हिले राग येते त्याचा. लेकरू समजता काय मले, म्हनून." ते हातातल्या पक्कडीकडे पाहत बोलत होते. "इथी तसं नाई. म्या सीटवर बसलो का मले मांगचं दिसत नाई. हे तिले माईत हाय. तिनं सांगतलं नाई तं मले समजतच नाई. कवाच समजलं नाई."

इंजिन का चालू ठेवता, हे मी विचारणार होतो. त्यांनी आधीच सांगून टाकले. बंद असले तर हळू बोलून भागते, मग जोर कशाला लावेल?

इतके महिने मी या माणसाला निर्दय ठरवले होते, सुनंदासमोर, कचेरीत, बसमध्ये. मला माझीच लाज वाटली, आणि मी ती लपवायला, फुशारकी मारायला म्हणून खिशात आणलेले होकायंत्र काढून त्यांना परत दिले.

"ठेवा तुमचं," ते म्हणाले. "येक काम करा. मले आता फाल्टच सुचून नाई राह्यले. सारे करून झाले. तुमी सरकारी हापिसातले. चांगलं चाललेलं काम कसं बिघडवाचं, तुमाले येत असन."

एरवी मी चिडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सहाच्या सुमारास चाफले आत चहा ठेवत होते, तेव्हा मी पुन्हा भिंत ओलांडली. सॉकेट उघडले आणि डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या वायरी एकमेकींच्या जागी लावून टाकल्या. त्यांना सांगितले नाही. त्यांनी त्यांचा फाल्ट केलेला दिसत होता, ब्रेकचा दिवा काढून ठेवलेला. मी परत येऊन भिंतीआड उभा राहिलो.

सात वाजले. इंजिन सुरू झाले. "डावा लागला काय?"

बराच वेळ काही नाही. मग चाफलेंचा आवाज, "आयकू नाई आलं! डावा?"

पुन्हा काही नाही. मी भिंतीवरून डोकावलो. इंदूवहिनी कपाळाला आठ्या घालून दिव्यांकडे पाहत होत्या, एकदा इकडे, एकदा तिकडे.

"डावा म्हनलं म्या! डावा!"

"उजवा," वहिनी म्हणाल्या.

"डावा इचारून राह्यलो वं!"

"उजवा!"

चाफलेंनी खिडकीतून डोके बाहेर काढले. चेहरा खरोखर गोंधळलेला. "असं कसं होईन? म्या तं फक्त..." एवढे बोलून त्यांनी जीभ चावली आणि पुन्हा दांडी खाली ओढली.

वहिनींनी काठी जमिनीवर आपटली. आणि मग तो आवाज आला. पूर्वीचा नव्हे, फाटलेला, मधे मधे तुटणारा, पण इंजिनावर चढणारा. सुनंदा आमच्या स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली इतका मोठा.

"येडे... झाले काय! डावा... दाबता... अन् उजवा लागते!"

इंजिन बंद झाले. चाफले सीटवर तसेच बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मग हळूच म्हणाले, "पुन्ना सांग."

"उजवा लागते!" वहिनी ओरडल्या. "डोये... हायेत का... बटना!"

मला रडू आले. सुनंदाने माझा हात धरला होता, तिलाही आले होते. चाफले उतरून ट्रेलरमागे आले. दिव्यांकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही, वहिनींच्या खुर्चीशेजारी हौद्याच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "बरोबर हाय तुयं. फाल्ट झूठ नाई बोलत."

नंतर नाक शिंकरून त्यांनी भिंतीकडे हाक मारली. "बाबू! या इकडं. खरा फाल्ट आला हाय. मले सापडून नाई राह्यला."

मी गेलो. त्या दिवशी साडेनऊची बस सोडली. आम्ही दोघांनी मिळून अकरापर्यंत तो फाल्ट शोधला, मी सगळ्या चुकीच्या जागा दाखवत राहिलो, आणि इंदूवहिनी खुर्चीतून आम्हाला सांगत राहिल्या. नाई. नाई. उजवा. नाई.